अंदाजे अठ्ठावीस

अठ्ठावीस हा आकडा मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगितला. डोळेही नीट उघडले नव्हते. मामा दारात उभे होते, बनियन पिळलं असतं तर बादली भरली असती अशा अवस्थेत, आणि विचारत होते, "किती झाले रे आज त्याचे?" खरं उत्तर होतं, "मामा, मला जागच आली नाही." पण मामांनी माझ्या झोपेचा अर्थ माझ्या सोयीने लावला होता. पोरगा पहाटे तलावावर जाऊन, मोजमाप करून, थकून परत पडलाय, असं त्यांना वाटलं. एवढा विश्वास समोर उभा असताना तो मोडायचा कसा? मी म्हटलं, "अठ्ठावीस." त्याआधी "अंदाजे" असंही म्हटलं होतं, पण ते उशीत गेलं.

मामा जिन्याच्या कठड्याला धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अठ्ठावीस? त्याने?"

"हो ना. मीही बघतच राहिलो."

हे दुसरं वाक्य सांगायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलायला लागलं की माणूस उगाच त्याला झालर लावत बसतो.

हे "त्याचे" म्हणजे किल्लीकाकांचे. मामा शिंपी आणि त्यांच्या बरोब्बर समोर, सहा पावलांची गल्ली ओलांडली की, किल्लीकाकांचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. त्यात एक घासायचं यंत्र, भिंतीभर लटकलेल्या बिनदात्यांच्या किल्ल्या आणि मधे काका. मामांचं दुकान जरा मोठं, म्हणजे दोन मशिनं मावतील आणि गिऱ्हाइकाला आडवं वळून उभं राहता येईल इतकं. नवे कपडे शिवून घेणारे कमीच. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, मागच्या वर्षीचं पोट यंदा मावत नाही, असलं काम. मामा त्यालाही लग्नाचा सूट शिवावा तसा वेळ लावायचे. टाचण्या ओठांत धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं फक्त मामीला आणि किल्लीकाकांनाच कळायचं.

दोघांचं पळणं सुरू झालं ते एका पँटमुळे. अकरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक घाईत दुसऱ्याचीच पँट घेऊन बसमध्ये चढलं. मामांच्या लक्षात आलं तेव्हा बस सुटली होती. मामा त्याची पँट खांद्यावर टाकून बसमागे धावले आणि तिसऱ्या थांब्यावर त्यांनी बस गाठली. पँट बदलून, घामाने निथळत, विजयी चेहऱ्याने गल्लीत परत आले, तर किल्लीकाका कानस चालवता चालवता मान वर न करता म्हणाले, "तिसरा थांबा? मी दुसऱ्यावर गाठली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दोघं त्या रस्त्यावर उभे होते. बस नाही, पँट नाही. तीन थांबे धावले. कोण जिंकलं यावर आजही एकमत नाही. तेव्हा मामा सेहेचाळीस वर्षांचे होते आणि काका त्यांच्याहून चार महिन्यांनी लहान. हे चार महिने मामांनी प्रत्येक पराभवानंतर वापरले.

पुढे आमच्या शहरातली मोठी शर्यत, बेचाळीस किलोमीटरची, ती दोघं दरवर्षी पळू लागले. शर्यतीत हजारो माणसं असायची, पण ह्या दोघांच्या हिशेबी फक्त दोन. आपला नंबर दोन हजारावा आला की तीन हजारावा, याचं दोघांनाही सोयरसुतक नव्हतं. जो हरेल त्याने दुसऱ्या दिवशी आपलं शटर पाडायचं आणि जिंकणाऱ्याच्या दुकानात दिवसभर बसून त्याचं काम करायचं, असा नियम. त्यात दोघांच्याही गिऱ्हाइकांचे हाल. किल्लीकाकांनी आखूड केलेल्या एका पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं वर गेला होता. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर काका म्हणाले, "तुम्ही सरळ उभे राहा आधी." मामांनी बनवलेली एक किल्ली मालकाच्या दाराला लागली नाही, शेजाऱ्याच्या दाराला लागली. त्यावरून त्या दोन घरांत जे झालं, त्याबद्दल मामा अजून बोलत नाहीत.

दहा शर्यती झाल्या होत्या. पाच मामांच्या, पाच काकांच्या. आणि अकरावी शेवटची होती. मामांची मुलगी लांबच्या शहरात राहते. तिला दुसरं मूल होणार होतं, म्हणून मामा-मामी कायमचे तिच्याकडे जायला निघाले होते. दुकान रिकामं करून द्यायची तारीखसुद्धा ठरली होती, शर्यतीनंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे या वेळी हरलं तर परत फेडायला पुढचं वर्ष नव्हतं. मामांना मी आयुष्यात कधी काही मागताना पाहिलं नाही. चहात साखर कमी पडली तरी ते तसाच प्यायचे. पण ही अकरावी त्यांना हवी होती. लहान मुलाला हवी असते तशी, उघड उघड हवी होती.

म्हणून मला कामाला लावलं. मी मामांच्या बहिणीचा मुलगा. छोट्या गावातल्या शाळेत शिकलो, तिथल्या मास्तरांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी शिकवलं, आणि इथे वीजखात्यात मीटरचं रीडिंग घ्यायच्या कामाला लागलो. राहायला मामांच्या दुकानावरची खोली, भाडं शून्य, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मामा रविवारी लांब पळायचे ते हमरस्त्याच्या बाजूला. काका तलावाभोवती. तलावाला एक फेरी म्हणजे चार किलोमीटर. मी पहाटे सायकल घेऊन तिथे जायचं, झाडाआड उभं राहायचं आणि काकांच्या फेऱ्या मोजायच्या. पहिल्या रविवारी पाच झाल्या, वीस किलोमीटर. दुसऱ्या रविवारी सहा, चोवीस. तिसऱ्या रविवारी मला जाग आली नाही.

आता आमच्या खात्यात असं आहे, की मीटर बघायला गेलो आणि घराला कुलूप असलं, तर आकडा रिकामा सोडायचा नाही. मागच्या महिन्यांवरून सरासरी लावायची. उन्हाळा असेल तर पंखा धरून थोडी वाढवायची. चार वर्षं हेच केल्यावर माणसाला जगातली प्रत्येक बंद गोष्ट सरासरीने उघडता येते असं वाटायला लागतं. वीस, चोवीस, म्हणजे पुढे अठ्ठावीस. यात मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. मी फक्त कुलूप लागलेल्या घराचं रीडिंग दिलं होतं.

पुढच्या रविवारी मामा तीस पळून आले. मी तेव्हाही झोपेतच होतो, आणि म्हणालो, "बत्तीस."

त्याच्या पुढच्या रविवारी मामा चौतीस. मला जरा भीती वाटली, म्हणून मी आकडा वाढवला नाही, "बत्तीसच" म्हणालो. मामांनी पायऱ्यांवर बसून बूट काढले. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. ते त्या नखाकडे बघत म्हणाले, "परत बत्तीस. म्हणजे आता त्याला बत्तीस सहज जमतंय. मुरलाय लेकाचा."

मी कमी करून सांगितलं काय, तेवढंच सांगितलं काय, मामा त्यातून वाढच काढत होते. मी आतून हबकलो. पण एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. त्या आठवड्यात मामांनी एका शर्टाचा खिसा उलटा शिवला. तोंड खाली, बूड वर. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकाने पेन अडकवायला हात नेला आणि पेन जमिनीवर. मामा त्या पेनाकडे असे बघत होते जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलंय. दुपारी मशिनवर डोकं टेकून झोपायचे. पायाखालचं पॅडल तरी हलत असायचं.

मामी जिना चढून माझ्या खोलीत आली. मामीचे गुडघे दुखतात, ती वर आली म्हणजे काहीतरी गंभीर असणार.

"त्या किल्लीला सांग जरा," ती म्हणाली. "म्हणावं, कमी पळ. तो पळतो म्हणून हे पळतात. काल रात्री जेवता जेवता झोपले. हातात घास तसाच."

"मी सांगून ते ऐकतील होय, मामी?"

"मग खोटं सांग यांना. म्हणावं, त्याने दहाच केले."

आपण काय केलंय ते मामीला सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण मामीच्या हातात लाटणं नसलं तरी आवाजात होतं. मी ठरवलं, रविवारी खरंच जायचं. काका खरोखर किती पळतात ते बघायचं. चोवीसच्या वर नसणारच. मग मामांना खरा आकडा सांगायचा आणि सगळं सुरळीत.

त्या रविवारी मी साडेपाचला तलावावर होतो. काकांची स्कूटर फाटकापाशी उभी होती. झाडाआड उभा राहिलो. पावणेसहा झाले. सहा झाले. एक फेरी व्हायला काकांना चोवीस मिनिटं लागायची, फार तर पंचवीस. साडेसहा वाजले तरी काका काही येईनात. मला वाटलं, माझं मोजायचं चुकलं. मग मला वाटलं, काका पडले. मी सायकलवर टांग टाकली आणि उलट्या दिशेने फेरी मारायला निघालो. दीडशे पावलांवर, पहिल्याच वळणावर, बाकावर काका बसले होते. पायात धावायचे बूट, अंगात बनियन, मांडीवर पाण्याची बाटली, आणि वर्तमानपत्र वाचत होते.

त्यांनी मान वर केली. "आलास? झोप झाली?"

मी सायकलवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही.

"काका, तुम्ही... आज पळत नाही?"

"आज नाही. मागच्या रविवारीही नाही. त्याच्या मागच्याही नाही." त्यांनी पेपर घडी केला. "आता कधीच नाही म्हण ना." आणि त्यांनी उजव्या पायाची पँट गुडघ्यावर ओढली. गुडघा कसला, कच्चा भोपळा होता. "आतलं काहीतरी तुटलंय. डॉक्टरने फोटो काढून दाखवला. ऑपरेशन करायचंय. म्हणाला, चालाल, जिने चढाल. पळायचं विसरा."

मी बाकावर बसलो. काका मात्र मजेत होते.

"तुझ्या मामाने एक दिवस गल्लीतूनच ओरडून विचारलं मला, 'काय रे चोरा, अठ्ठावीस?' मी गार पडलो. म्हटलं, हा काय बोलतोय? मला वाटलं माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी इथे पळतोय. खरं सांगतो, पुढच्या रविवारी मी इथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघितलं. मग लक्षात आलं." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "मीटरवाला. घर बंद, सरासरी चालू."

"मग तुम्ही मामांना सांगितलं का नाही?"

"का सांगू? मला तर तूच फुकटात पळवत होतास." ते हसले, मग थांबले. "अरे, मी सांगितलं असतं तर तो शर्यतच रद्द करून बसला असता. म्हणाला असता, चल, पाच-पाच, बरोबरी. आणि तिकडे जाऊन आयुष्यभर फोनवर ऐकवलं असतं, पळालो असतो तर मीच जिंकलो असतो. मी ऐकून घेणाऱ्यातला नाही. तो सव्वापाचला पळायला निघतो, माझ्या घरावरून जातो, माझी स्कूटर जागेवर आहे की नाही ते बघतो. म्हणून मी स्कूटर काढतो, इथे येऊन बसतो. नऊ वाजता बनियनवर पाणी ओततो आणि स्कूटरवरूनच गल्लीत शिरतो, म्हणजे लंगडणं दिसत नाही." त्यांनी बाटली हलवून दाखवली. "शर्यतीला उभा राहणार मी. सुरुवातीच्या गर्दीत दोनशे पावलं चालणार आणि बाजूला होणार. त्याला काय कळतंय? तो बेचाळीस किलोमीटर मला शोधत पळेल. मरमर पळेल. शेवटी मी उभाच असेन, म्हणेन, जिंकलास बाबा."

मला कुठेतरी थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "कधी झालं हे गुडघ्याचं?"

"तिसऱ्या रविवारी. पहिलीच फेरी. पार पलीकडे, बरोबर मध्यावर, जिथून दोन्हीकडचा रस्ता सारखाच लांब. कट्‌ असा आवाज झाला. बसलोच खाली." ते तळ्याच्या त्या बाजूला बोट दाखवत होते, जणू कुणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तसे. "दीड तास लागला फाटकापर्यंत यायला. आधी वाटलं होतं, तू असशीलच कुठेतरी झाडाआड. आधीच्या दोन्ही रविवारी तुझ्या सायकलची चेन कुरकुरत होती, मला काय ऐकू येत नाही? म्हटलं, तुझ्या मागे बसून येऊ. दोन-तीनदा हाकाही मारल्या तुला."

त्याच दिवशी, त्याच वेळी, मी अठ्ठावीस म्हणालो होतो. वर "मीही बघतच राहिलो" असंही म्हणालो होतो.

काका विचारत होते, "अरे, तोंड का असं केलंस? पाणी पी." आणि बनियनवर ओतायची बाटली त्यांनी मला दिली.

कुणालाही सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. सांगितलंस तर तुझ्या खोलीचं कुलूप असं बदलेन की बाहेरून माझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही, अशी धमकीही दिली. मी घरी आलो. मामा छत्तीस पळून पायऱ्यांवर बसले होते. मी मामीचं ऐकायचं ठरवलं. म्हटलं, "मामा, आज फक्त बारा."

मामा ताडकन उठले. "बारा?"

"बाराच."

"संपलं," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "त्याची तयारी पूर्ण झाली. तो आता पाय राखून ठेवतोय."

पुढच्या रविवारी मी सरळ खरं सांगितलं. म्हटलं, "मामा, काका पळालेच नाहीत. बाकावर बसून पेपर वाचत होते." मामांनी मामीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ. पेपर वाचतोय. इतका निर्धास्त आहे तो." त्या दिवशी मामा स्वतः घरात होते ते केवळ मामीमुळे. तिने त्यांचे बूट कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात तळाशी लपवले होते. मामांनी ते शोधण्यात जितका घाम गाळला तितका पळूनही गाळला नसता.

शर्यतीच्या दिवशी दोघं सुरुवातीच्या रेषेवर शेजारी शेजारी उभे होते. मामांनी काकांचं बनियन मागून सरळ केलं. शिंप्याची सवय, कुणाचीही शिवण वाकडी दिसली की हात जातोच. काका म्हणाले, "टेलर, माझी पाठ बघून घे. आज तेवढीच दिसणार." मामा म्हणाले, "तू दुसऱ्या थांब्यावर भेट मला." शिट्टी झाली. मामा सुटले. काका दोनशे पावलं चालले आणि गर्दीतून बाजूला झाले. त्यांच्या तोंडावर वेदना होती, पण ते माझ्याकडे बघून डोळा मारायला विसरले नाहीत.

मी सायकलने तिसाव्या किलोमीटरला, रेल्वेच्या पुलाखाली, जाऊन उभा राहिलो. मामा आले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. गाल आत गेलेले, ओठांवर पांढरी साय आलेली. मला बघितल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. विचारलं, "किल्ली कुठे?"

त्या क्षणी मी सगळं सांगून टाकायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं, मामा, काका मागे आहेत, बरेच मागे, आरामात जा. तोंडातून निघालं, "पुढे. दोन मिनिटं."

कुणी म्हणालं हे? मी इकडेतिकडे पाहिलं. मीच म्हणालो होतो. मामांनी मान खाली घातली आणि वेग वाढवला. तीस किलोमीटर झालेला, सत्तावन्न वर्षांचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर वेग वाढवत होता. मी सायकल घेऊन त्यांच्या मागे ओरडत सुटलो, "मामा, चुकलं, मागे आहेत, मागे!" पण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक जण काही ना काही ओरडतच होता. पुढे सायकलींना बंदी होती. शिपायाने मला अडवलं.

मी गल्लीबोळांतून शेवटाला पोचलो तेव्हा काका एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. छातीवर नंबर, अंग कोरडं ठणठणीत. या वेळी बनियनवर पाणी ओतायलाही ते विसरले होते. मोठ्या घड्याळात तीन तास पन्नास झाले होते. मामा आजवर चार तासांच्या आत कधी आले नव्हते. काकाही नाही.

"अजून वेळ आहे त्याला," काका म्हणाले.

तीन तास अठ्ठावन्नला मामा आले. काका खुर्चीचा हात धरून उठले. मामा रेषा ओलांडून सरळ त्यांच्याकडे आले, धडपडत, आणि दोघं एकाच वेळी बोलले.

काका म्हणाले, "जिंकलास रे."

मामा म्हणाले, "हरलो रे."

मामांनी काकांच्या कोरड्या बनियनकडे पाहिलं. काकांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, शाळेत पाढे म्हणावेत तसं. मामा फक्त आकडे विचारत होते.

"अठ्ठावीस?"

"मी."

"बत्तीस?"

"दोन्ही वेळा मी."

"बारा?"

"मीच. मामीने सांगितलं म्हणून. पण मीच."

"आत्ताची दोन मिनिटं?"

मी नुसती मान हलवली. मामा काकांकडे वळले. "आणि तू?"

"बाकावर," काका म्हणाले, आणि त्यांनी गुडघा दाखवला. तिसऱ्या रविवारचंही सांगितलं, हसत हसत, पलीकडचा मध्य, दीड तास, माझ्या नावाने मारलेल्या हाका. त्यांना वाटलं मामा हसतील. मामा तिथेच रस्त्यावर बसले. एक बाई पदक घेऊन आली, तिने ते वाकून त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांना कळलंही नाही.

"तू तिथे एक पाय ओढत येत होतास," मामा म्हणाले, "आणि मी घरी पायरीवर बसून तुला शिव्या घालत होतो. अठ्ठावीस केले म्हणून."

"घाल की. आता घाल."

मामांनी घातल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मामांनी दुकान उघडलं आणि मशीन उलटं करून ठेवलं. तोंड भिंतीकडे, पाठ गल्लीकडे. समोर काका बसतात ते दिसायलाच नको. चार दिवस असंच चाललं. उजेड पाठीमागून यायचा, स्वतःच्याच सावलीत सुई ओवायची, तरी ऐकेनात. माझ्याशी बोलणं बंद. जेवताना मीठ हवं असलं तर मामीला सांगायचे, "त्याला म्हणावं, मीठ दे." काका समोरून ओरडायचे, "टेलर, अकरावी तुझी! सहा-पाच! मी तुझ्याकडे दिवसभर बसायला तयार आहे, बोल!" मामा भिंतीला सांगायचे, "बाकाला हरवून कुणी जिंकत नसतं. पाच-पाच."

पाचव्या दिवशी काकांचं शटर उघडलं नाही. ऑपरेशन होतं. दुपारपर्यंत मामांनी एका पँटची तीच शिवण तीनदा उसवली. मग टाचण्या ओठांतून काढून डबीत ठेवल्या, शटर पाडलं आणि मला म्हणाले, "सायकल काढ." शर्यतीनंतरचे त्यांचे माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

दवाखान्यात काका पडले होते. मामांनी कसं आहेस वगैरे काही विचारलं नाही. नर्स पट्टी बदलायला आली तेव्हा चष्मा पुसून जवळ गेले आणि गुडघ्यावर वाकले. बराच वेळ बघितलं.

"कुणी घातलेत हे?"

"डॉक्टरांनी," नर्स म्हणाली.

"हे चार ठीक आहेत. हा पाचवा सैल आहे. आणि गाठ वर ठेवलीय. गाठ कधी वर ठेवतात?"

"टेलर, मला फिटिंगला नाही आणलेलं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते औषधामुळेही असेल. नर्सने मामांना बाहेर काढलं. मामा जाताना दारातून म्हणाले, "टाके काढायच्या दिवशी मी असणार आहे. सांगून ठेवा त्यांना."

त्यासाठी त्यांनी मुलीकडे जायची तारीख दहा दिवस पुढे ढकलली. टाके निघाले त्या संध्याकाळी मामांनी पँट कापायच्या टेबलावर खडूने आकडे मांडले. अठ्ठावीस, बत्तीस, बत्तीस, बारा. खाली रेघ. एकशे चार.

"हे कुणीतरी पळालंय म्हणून मी पळालो," मामा मला म्हणाले. "आता ते पळून टाक. तलावावर. सव्वीस फेऱ्या. हा मोजेल."

"आणि दोन मिनिटं?" काकांनी खुर्चीतून विचारलं. पाय स्टुलावर होता.

"ती राहू दे," मामा म्हणाले. "तेवढ्यानेच चार तासांच्या आत आलो मी."

मामा मुलीकडे गेले त्याला आता सात महिने झाले. त्यांच्या जागी चष्म्याचं दुकान आलंय. मी पहिल्या रविवारी पाव फेरी पळालो आणि उरलेली चाललो. काकांनी ती धरली नाही. म्हणाले, "सरासरी चालत नाही इथे." मग अर्धी जमली, मग एक. हल्ली एका दमात तीन होतात. काका काठी घेऊन बाकावर बसतात, पेपर वाचतात, आणि मी वळणावर दिसलो की पेपरच्या कडेला पेनाने एक रेघ मारतात. मामा दर रविवारी फोन करून काकांना विचारतात, मला नाही.

गेल्या रविवारी पंचवीस रेघा झाल्या. सव्विसावी काका मला पळू देत नाहीत. म्हणतात, डॉक्टरने हळूहळू चालायची परवानगी दिलीय, काठी सुटली की फेरीभर बरोबर येईन, तोवर थांब. मी म्हटलं, "काका, चालत तुम्हाला दीड तास लागेल." ते म्हणाले, "पूर्वी दोनच किलोमीटरला लागला होता."

काठी अजून सुटलेली नाही. चार किलोमीटर बाकी आहेत.